जरा थांबा की!

इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये सहकुटुंब गाडीने फिरताना दरवेळी हेच घडते आणि माझा जीव मेटाकुटीला येतो. ११३२ मध्ये स्थापन झालेला, १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत बंद पाडलेला फाउंटन्स ॲबी हा मठ पाहायला दोन तास गाडी हाकत जायचे, आणि छप्पर नसलेल्या त्या भव्य चर्चमध्ये पाऊल टाकताच घरच्यांनी चार फोटो काढून ‘चला, आटपा’ म्हणत घाई लावायची! कोठाराच्या लांबच लांब दगडी कमानी, भिंतीला लागून वाहणारी स्केल नदी, काहीच कोणी धड पाहत नाही. वाटेत दगडी बांधांआड मेंढ्या चरत असतात, तेव्हा मागच्या सीटवरच्या माना मोबाइलमध्ये खुपसलेल्या असतात. अहो, चारशे वर्षे जिथे प्रार्थना झाली, तिथे निदान तासभर तरी शांत बसा!