काका, शेंगदाण्याचं तेल सोडा असं मी म्हटलेलंच नाही

नमस्कार काका. साठीनंतरचा आहार आणि हृदयविकार या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "मागे घेतलेल्या स्पॅनिश संशोधनाचे गोडवे कशाला? आमचे वडील शेंगदाण्याच्या तेलावर नव्वदी गाठून गेले. ऑलिव्ह आणि अक्रोड म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. आणि हे इन्फ्लमेशन म्हणजे नवं फॅड."

ते स्पॅनिश संशोधन म्हणजे 'प्रेडिमेड'. भूमध्य समुद्राकाठचा आहार आणि सोबत ऑलिव्ह तेल किंवा अक्रोड-बदाम, याची तुलना त्यात कमी चरबीच्या आहाराशी केली होती. त्याचा निबंध २०१३ साली आला. ५५ ते ८० वयाची, हृदयविकाराचा धोका असलेली सुमारे साडेसात हजार माणसं त्यात होती. पुढे लक्षात आलं, की गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडायला हवे होते, त्यात गडबड झाली होती. नवऱ्याला जो गट, तोच बायकोला. एका केंद्रात तर अख्ख्या दवाखान्याला एकच आहार. लेखकांनीच निबंध मागे घेतला, गणितं पुन्हा मांडली आणि २०१८ साली तो नव्याने छापला. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचा एकत्रित धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी, हा आकडा जवळपास तसाच राहिला. दाव्यातला ठामपणा तेवढा उतरला.

फॅडचं म्हणाल, तर २०१७ सालचा 'कँटोस' प्रयोग बघा. कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह, म्हणजे हेच इन्फ्लमेशन, कमी करणारं इंजेक्शन दिलं, तरी अटॅक घटले. औषध महागडं आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढवणारं, म्हणून ते सर्रास देत नाहीत, पण मुद्दा सिद्ध झाला.

आता तेल. शेंगदाणे त्या स्पॅनिश प्रयोगात नव्हते, त्यामुळे ते ३० टक्के मी त्यांना चिकटवणार नाही. पण त्यांतली बरीचशी चरबी असंतृप्तच असते. तेल बदलायचं कारण नाही, बेतानं वापरा. खरी गोम वेगळीच आहे. तिथे एका गटाला रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट दिले, आणि सोबत बेकरीचे पदार्थ, लोणी, लाल मांस कमी करायला सांगितलं. आपल्याकडे सकाळी पर्वती चढून उतरायचं आणि खाली येऊन चहात खारी बुडवायची! तिचे पापुद्रे सुटतात ते मैद्यात लाटलेल्या वनस्पती तुपामुळे. पुडीचा कागद बघा, आरपार दिसतं. त्याजागी मोडाची मटकी घ्या, भाकरीबरोबर जवसाची चटणी घ्या. यात कसले चोचले?

सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा रक्तातला घटक, तपासायचाच असेल, तर सर्दी-ताप किंवा दाढदुखी असताना नको. लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर आला तर बहुधा दुसरंच काही चालू असतं. बरं वाटल्यावर पुन्हा करा आणि रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा.