तुमचं डी किती?

परवा छातीच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर, बाकावर बसल्या बसल्या माझा अपमान झाला. आणि तोही माझं व्हिटॅमिन डी पुरेसं कमी नाही म्हणून.

मला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा आजार. वीस वर्षं सिगारेटी ओढल्या, सोडून नऊ झाली, पण फुप्फुसांनी वही फाडलेली नाही. यापलीकडे पूर्वपीठिका सांगत नाही, धाप लागते. डॉक्टरांनी या खेपेला रक्तात डी बघायला सांगितलं होतं. रिपोर्टात त्या ओळीसमोर २४ असा आकडा होता आणि तो घेऊन मी माझ्या नंबरची वाट बघत बसलो होतो.

शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ. मांडीवर जाडजूड फाइल, फाइलवर पंप, पंपावर हात. पलीकडे त्यांच्या सौभाग्यवती.

"तुमचं डी किती?" त्यांनी विचारलं.

ओळख नाही, नाव नाही, 'कुठून आलात' नाही. मी गडबडीत खरं बोलून गेलो. "चोवीस."

"चोवीस?" त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मग वळून म्हणाले, "अगं, यांचं चोवीस आहे."

बाईंनी पुढे वाकून माझ्याकडे पाहिलं. "दिसतंच आहे. चेहऱ्यावर तेज आहे."

तो घाम होता. दोन जिने चढून आलो होतो.

"माझं अकरा," गृहस्थ म्हणाले. एखाद्याने मुलाचा बोर्डातला नंबर सांगावा असा आवाज.

"अकरा पूर्णांक दोन," बाई म्हणाल्या.

"तेच ते."

"तेच कसं? अकरा पूर्णांक दोन नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. सांगायचं तर नीट सांगावं. छापलंय तसं."

"अगं, डॉक्टरसुद्धा अकराच म्हणाले."

"डॉक्टर घाईत होते."

यावर त्यांनी फाइल उघडून तो कागद माझ्या नाकासमोर धरला. पूर्णांक दोनवर त्यांचा अंगठा होता. बाईंनी तो उचलून बाजूला ठेवला.

समोरच्या बाकावरच्या एक बाई हळूच म्हणाल्या, "माझं सतरा आहे." गृहस्थांनी उदार मनाने मान डोलावली. "सतरा म्हणजे बरं आहे. म्हणजे वाईटच आहे, पण बरं आहे." मग माझ्याकडे बोट करून, "हे चोवीसवाले."

झालं. त्या क्षणापासून मी चोवीसवाला. आजाऱ्यांच्या पंगतीत फुकट येऊन बसलेला धडधाकट माणूस. नंतर आलेल्या एका म्हाताऱ्यांना बसायला जागा नव्हती, तेव्हा सगळा बाक माझ्याकडे बघू लागला. मी उठलो. काय करणार? उभ्याने माझी छाती भात्यासारखी चालली होती, पण चोवीस होते ना माझे.

"ओढत होता?" गृहस्थांनी खालून विचारलं.

"पूर्वी."

"मी कधी हातात धरली नाही. चाळीस वर्षं लाकडाच्या कारखान्यात. भुसा, पॉलिशचा वास, सगळं आत." त्यांनी छातीवर थाप मारली. "तुमचं हौसेचं. माझं कष्टाचं."

आता यावर काय उत्तर आहे? नाही. रात्री अंथरुणात सुचलं तेही फारसं बरं नव्हतं.

"ऊन घेता का?"

इथे मला वाटलं, आता आपली बाजू भक्कम आहे. "घेतो तर! तीन महिने झाले, रोज सकाळी सातला तासभर खिडकीत बसतो."

"खिडकी उघडी?"

"बंद. धूळ येते. मला धूळ चालत नाही."

गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अगदी मायेने म्हणाले, "काचेतून ऊन येतं हो. डी बाहेरच राहतं." आणि वळून, "अगं, हे काचेतून घेतात!"

बाईंनी तोंडाला पदर लावला. गृहस्थ मात्र मोकळेपणाने हसले आणि हसता हसता त्यांना जो खोकला लागला, तो थांबेना. पंप झाला, पाणी झालं, पाठ चोळून झाली. सगळा बाक माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जसा मीच जाणूनबुजून एका अकरावाल्याचा जीव घ्यायला निघालो होतो.

सगळ्यात झोंबतं ते हे, की माणूस बरोबर बोलत होता. घरी येऊन मी वाचलं. कातडीत डी तयार करतात ते उन्हातले २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण, आणि साधी काच नेमकी त्यांनाच अडवते. ऊब आत, उजेड आत, कामाचं तेवढं बाहेर. शिवाय सकाळी सातचं कोवळं ऊन, ज्याची आपण पिढ्यान् पिढ्या तारीफ करतो, त्यात हे किरण जवळपास नसतातच. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते, तेव्हाच्या उन्हाला अर्थ. म्हणजे तीन महिने मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या खुणा केल्या, त्या नुसत्या खिडकीत बसल्याच्या हजेरीच्या होत्या.

आणि याला व्हिटॅमिन तरी का म्हणतात? ए, बी, सी झाले होते, म्हणून १९२२ साली मॅकॉलम या अमेरिकन शास्त्रज्ञांनी पुढचं अक्षर देऊन टाकलं. जे अन्नातूनच मिळवावं लागतं ते व्हिटॅमिन. हे तर कातडी स्वतः तयार करते, यकृत त्यावर एक हात फिरवतं, मूत्रपिंड दुसरा, तेव्हा ते कामाला लागतं. खरं तर हार्मोन आहे. पण एकदा घरात 'बाळू' नाव पडलं, की माणूस साठीतही बाळूच.

असो. तेवढ्यात मला स्पायरोमेट्रीला बोलावलं. नाकाला चिमटा, तोंडात नळी, समोर एक विशीतली मुलगी. "काका, मोठा श्वास घ्या, आणि मारा! मारा मारा मारा! अजून, अजून, सोडू नका, अजून!" सहा सेकंद. जे आत नाहीच ते बाहेर काढायला लावणारी ही एकच तपासणी असावी. पहिल्या सेकंदात किती हवा निघाली आणि एकूण किती, याचं गुणोत्तर ०.७० च्या खाली गेलं की तुम्ही आमच्यातले. तीनदा फुंकून मी डोळ्यांपुढचे काजवे मोजत बाहेर आलो, तर दार उघडंच होतं.

"पहिल्या सेकंदालाच गेला तुमचा दम," गृहस्थ म्हणाले. "मी ऐकत होतो."

डॉक्टरांनी माझा रिपोर्ट पाहिला, म्हणाले, "डी बरंच कमी आहे," आणि आठवड्याला एक कॅप्सूल लिहून दिली. मला वाटलं, समजूत काढतायत. चोवीस म्हणजे काय बरंच कमी?

मला खरा राग आहे तो वेगळाच. 'ऊन घ्या' म्हणणाऱ्यांचा. मेहुणा म्हणतो, शेजारी म्हणतो, फोनवर चुलतबहीण म्हणते. म्हणताना सूर असा, की ऊन दारात ताटकळत उभं आहे आणि मीच आळसाने कडी काढत नाही. अरे बाबांनो, आमच्या इमारतीत ऊन गच्चीवर असतं. गच्ची चार मजले वर. वर जायला फुप्फुसं लागतात. फुप्फुसांसाठी डी हवं, डीसाठी ऊन, उन्हासाठी जिना. एकदा चढलोही होतो. वर पोचल्यावर वीस मिनिटं पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून काढली, कारण उन्हात उभं राहायचं त्राण नव्हतं. मग खाली आलो.

२००५ साली अमेरिकेतल्या चौदा हजारांवर माणसांची माहिती तपासली, तर ज्यांचं डी सगळ्यात जास्त त्यांची पहिल्या सेकंदातली हवा, सगळ्यात कमी डीवाल्यांपेक्षा १२६ मिलिलिटरने जास्त निघाली. झालं, मेहुण्याला एवढं पुरे. पण आधी काय बिघडलं, हे त्या आकड्यातून कसं कळणार? दम लागतो म्हणून माणूस घरात बसतो, घरात बसतो म्हणून डी उतरतं. वय वाढलं की कातडी कमी डी बनवते. आजार उसळला की स्टेरॉइडच्या गोळ्या, त्या वेगळ्याच हाडांवर उठतात. डी कमी असणं हा माझ्या आजाराचा सोबतीही असेल. पण सोबत्याला गुन्हेगार ठरवलं, की रोग्याला आळशी ठरवता येतं; नातेवाइकांना ते सोयीचं पडतं.

त्या रात्री झोप आली नाही. मी उशाशी रिपोर्ट घेऊन वाचत बसलो. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या डॉक्टरांनी १८२ सीओपीडीवाल्यांवर प्रयोग केला होता, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी एक लाख युनिट डी, वर्षभर. निकाल? एकूणात काही फरक नाही. आजार उसळायचा तेवढा उसळलाच. फक्त ज्यांचं डी मुळात १० च्याही खाली होतं, त्यांना उपयोग झालेला दिसला. पुढे २०१९ साली अशा प्रयोगांतल्या ४६९ रोग्यांची माहिती एकत्र केली, तेव्हाही तेच: अगदी तळाशी असलेल्यांमध्ये आजार उसळणं साधारण ४५ टक्क्यांनी घटलं, बाकीच्यांचं जैसे थे. २०२२ साली नेदरलँड्समध्ये, तळाच्या जरा वरच्यांनाही घेऊन पाहिलं, तर काहीच नाही.

म्हणजे इथेही दहाच्या खालच्यांनाच प्रवेश. मी आपला चोवीसवाला, संशोधनाच्या दारातसुद्धा उभा. आणि अकरावाले गृहस्थ? तेही थोडक्यात बाहेर! खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं.

मग या आजाराच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांतली ओळ सापडली. आजार उसळून दवाखान्यात भरती झालेल्यांचं डी तपासावं, ते फारच कमी असेल तर द्यावं. फारच कमी म्हणजे १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली, अथवा २५ नॅनोमोल प्रति लिटरच्या खाली.

मी चष्मा पुसला. रिपोर्ट दिव्याखाली धरला. २४ च्या पुढे, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत: नॅनोमोल प्रति लिटर.

एका प्रयोगशाळेचं माप एक, दुसरीचं दुसरं. अडीचने भागायचं. मी भागलं. पुन्हा भागलं. कागदावर भागलं, मग फोनवर भागलं. नऊ पूर्णांक सहा.

रात्री दोन वाजता बायकोला हलवून उठवलं. "अगं, माझं नऊ पूर्णांक सहा आहे!"

ती दचकून उठली, कपाळाला हात लावून म्हणाली, "नव्व्याण्णव पूर्णांक सहा? मग एवढा काही ताप नाही. झोपा."

पुढची तारीख महिन्याने आहे. निघताना मी काउंटरवर सहज विचारून घेतलं होतं, त्या गृहस्थांचीही तीच आहे. रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवला आहे, भागाकाराच्या कागदासकट. बाकावर बसल्या बसल्या म्हणायचं, "तुमचं अकरा ना? माझं नऊ." पूर्णांक सहा सांगायचं की त्यावर अंगठा ठेवायचा, एवढंच अजून ठरत नाहीये. त्या बाई असणार शेजारी.