वही घरी ठेवून या

स्वतःचा धंदा काढलात, अभिनंदन. आता तुम्हाला झापायला वर साहेब नाही, आणि हाताखालचे लोक पगाराकडे बघून गप्प बसतात. बायको बोलते, पण तिचं ऐकायला लागलो तर धंदाच बंद करावा लागेल. तेव्हा चार उद्योजकांच्या गटात जा. एकमेकांच्या अनुभवातून शिकायचं, अशी ती कल्पना. मी भोसरीत पुठ्ठ्याची खोकी बनवतो, थ्री प्लाय आणि फाइव्ह प्लाय, म्हणजे तीन आणि पाच थरांची, आणि सहा वर्षं अशा एका गटात आहे. काहीही न शिकता सहा वर्षं कशी काढायची, यावर माझ्याइतक्या अधिकारानं बोलणारा तुम्हाला सहज मिळायचा नाही.

गट निवडताना एका धंद्याचा एकच माणूस घेणारा निवडा. एक सीए, एक विमावाले, एक इंटिरियरवाल्या मॅडम, एक खोकेवाला. आपसात स्पर्धा नको म्हणून असा नियम, असं सांगतात. खरी गंमत वेगळी आहे. माझ्याकडे कटिंगला कागद किती वाया जातो, हे दुसऱ्या खोकेवाल्याला शेडच्या दारातूनच कळलं असतं. इथं तो नाहीच. मी माल तोट्यात विकतोय हे ओळखू शकेल असा एकही माणूस त्या हॉलमध्ये नसतो, म्हणून खोक्यांच्या बाबतीत तिथं मी सर्वज्ञ.

बैठक सकाळी सातला असते. लवकर उठणारा पुढे जातो, असं तिथं सगळे मानतात. आमच्या गल्लीतला दूधवाला चारला उठतो. त्याला अजून कुणी भाषणाला बोलावलेलं नाही. ब्लेझर घाला, उपमा जपून खा आणि एका मिनिटात ओळख करून द्या. उलाढाल सांगताना जीएसटीसकट सांगा. नफा कुणी विचारत नाही. एखादा नवखा विचारतो, तेव्हा "सगळं परत धंद्यातच टाकतोय" म्हणायचं आणि चटणी मागायची.

मग कधीतरी अडचण मांडायची पाळी येते. अडचण नेहमी शिळी आणावी. 2020 च्या लॉकडाऊनची उत्तम चालते, कारण तिच्यात शेवटी आपण जिंकलेले असतो. ताजी, वाफाळती अडचण आणली की काय होतं, ते माझ्यावरून शिका. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले. खोक्यांवरचा कर 12 चा 5 टक्के झाला, म्हणून गटानं माझं अभिनंदन केलं, पेढेही मागितले. पण ज्या क्राफ्ट कागदाची खोकी होतात, त्याच्यावर 12 चे 18 झाले. म्हणजे कागद घेताना 18 भरा, खोकं विकताना 5 घ्या, मधले पैसे सरकारकडे अडकून. ते परत मागायचे तर आरएफडी-01 नावाचा फॉर्म भरायचा. एका गुरुवारी मी उभा राहिलो आणि विचारलं, "हा फॉर्म कुणी भरलाय का? पैसे किती दिवसांत आले?"

चमच्यांचा आवाज थांबला. सीए म्हणाले, "ऑफिसला या ना." आमच्यातले एक कोच आहेत, ते म्हणाले, "दादा, तुम्ही अडकलेल्या पैशाकडे बघताय. येणाऱ्या पैशाकडे बघा." तो आणि हा पैसा एकच आहे हो, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात टाळ्या पडल्या.

उधारीचा विषय तर काढूच नका. आमच्यातल्या एकानं माझ्याबद्दल सगळ्यांसमोर चार शब्द काढले: माणूस सचोटीचा, माल वेळेवर, व्यवहार चोख. त्याच्याकडून माझं 38 हजारांचं बिल यायचं होतं. टाळ्या वाजवता वाजवता मी बोटांवर दिवस मोजले, त्र्याऐंशी भरले. आता कायदा काय म्हणतो? सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल फार तर 45 दिवसांत चुकवा, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. हा कायदा 2006 पासून आहे. आमच्या हॉलमध्ये बसलेल्या तीसजणांपैकी बहुतेकांकडे असा उद्योग असल्याचं सरकारी, म्हणजे उद्यमचं, प्रमाणपत्र आहे, काहींनी ते फ्रेम करून लावलंय. पण ज्याच्या शेजारी बसून उपमा खाल्ला त्याच्याकडे व्याज मागणार? छे. मी त्याच्याकडून विमा घेतला.

अशा आपसातल्या धंद्याला गटात "रेफरन्स" म्हणतात, आणि वर्षाच्या शेवटी त्यांची बेरीज करून आकडा पडद्यावर दाखवतात. मी विमा घ्यायचा, विमावाल्यांनी मॅडमकडून ऑफिस करून घ्यायचं, मॅडमनी दिवाळीच्या मिठाईसाठी माझी खोकी घ्यायची. लग्नाच्या आहेरातली साडी जशी घडी न मोडता घराघरांतून फिरते आणि शेवटी पहिल्याच घरी येते, तसा हा पैसा फिरतो. फक्त साडीवर जीएसटी दर वेळी नव्यानं लागत नाही.

अशा गटांची जुनी उदाहरणं वाचत बसू नका, मन विचलित होतं. 1727 साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिननं असाच एक गट काढला होता. जंटो त्याचं नाव. छापखान्यातले, काचकाम करणारे, चांभार, सुतार असे बारा जण शुक्रवारी संध्याकाळी जमायचे. त्यांच्या ठरलेल्या प्रश्नांत एक असा होता की, गावात अलीकडे कुणाचा धंदा बुडाला का, आणि कशामुळे बुडाला असं ऐकता? ठामपणाच्या आवेशात बोलणाऱ्याला तिथं किरकोळ दंडही पडायचा. आमच्याकडे हा दंड लावला तर कोचसाहेबांना घर विकावं लागेल.

आणि महिला बचत गटाच्या बैठकीला तर चुकूनही बसू नका. मी बसलो. जुन्नर तालुक्यात काकूकडे गेलो होतो, ओसरीवरच बैठक चालू होती. कसले ब्लेझर आणि कसला पडदा; मध्ये सतरंजीवर वही उघडी, कुणाची किती बचत, कुणी किती कर्ज उचललं, कुणाचा हप्ता राहिला, सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. हप्ता राहिला होता ती बाई तिथंच बसली होती आणि जिवंत होती. मग उडदाच्या पापडांचा विषय निघाला.

"किलोला किती लावलास?"

"दोनशे चाळीस. डाळ, दळण, मसाला, पापडखार, सगळं धरून."

"आणि तुझी मजुरी?"

"घरचंच काम की ते."

"घरचं म्हणून फुकट? मग उद्यापासून माझ्या घरी ये लाटायला."

सगळ्या हसल्या, तीही हसली, आणि वहीत दोनशे चाळीस खोडून दोनशे ऐंशी झालं. चहा यायच्या आत. आम्ही या विषयावर तीन सत्रांची कार्यशाळा ठेवली असती.

म्हणून शेवटची काळजी घ्या ती पार्किंगमध्ये. बैठक संपली की लगेच निघा. मागे रेंगाळलात तर टपरीवर कुणीतरी गाठतोच. मला परवा आमचा फॅब्रिकेशनवाला भेटला. कटिंग चहा हातात दिला, गाडीच्या डिकीतून तेलकट डाग पडलेली वही काढली आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "दादा, जरा बघता का? काम भरपूर आहे, पण महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. चुकतंय कुठं तेच कळत नाही."

मी घड्याळ पाहिलं, पुढच्या गुरुवारी निवांत बोलू म्हणालो. त्याची वही काही मी वाचली नाही. पत्रा, वेल्डिंग रॉड, वीज, टेम्पो, एवढं ओझरतं दिसलं. स्वतःच्या मजुरीचा रकाना माझ्यासारखाच त्यानंही आखलेलाच नव्हता.