‘मला काही झाले नाही’ हे नेमके कोण सांगते आहे?

गेली काही वर्षे एक मजकूर थोड्याफार फरकाने हातोहात फिरतो आहे आणि आतापर्यंत निदान पाच जणांनी तो मला काळजीपोटी पाठवला आहे. त्याचा आशय असा : झोपेच्या गोळीला उगाच घाबरू नये, रात्रभर तळमळण्यापेक्षा गोळी घेऊन आठ तास झोपलेले केव्हाही चांगले. औषध रात्रीत आपले काम करते आणि सकाळपर्यंत शरीरातून निघून जाते. एवढे करूनही भीती वाटत असेल, तर चिठ्ठीशिवाय मिळणारी सर्दी-ॲलर्जीची गोळी घ्यावी, कारण ती सौम्य असते; किंवा मेलाटोनिन घ्यावे, कारण ते नैसर्गिक असते. सवय लागल्यासारखे वाटले तर गोळी बंद करावी, दोन दिवसांत सगळे पूर्ववत होते. शेवटी लिहिणारा स्वतःचा दाखला देतो : ‘मी नऊ वर्षे गोळी घेतो आहे, मला काहीही झालेले नाही.’

मी स्वतः चौदा महिने झोल्पिडेम हे झोपेचे औषध घेतले आहे आणि त्याआधी ॲलर्जीची गोळी व मेलाटोनिन हे दोन्ही प्रयोग करून झाले होते. पहाटे तीन वाजता टक्क डोळ्यांनी आढ्याकडे पाहत पडलेल्या माणसाला हा मजकूर किती दिलासा देतो, हे मला ठाऊक आहे. माझा आक्षेप गोळी घेण्याला नाही. थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती उपयोगी पडते, मलाही पडली. आक्षेप या मजकुरातील विधानांना आहे. सुरुवात मी त्याच्या शेवटच्या वाक्यापासून करते, कारण बाकीची सगळी इमारत त्या एका साक्षीवर उभी आहे.

झोल्पिडेम, झोपिक्लोन यांसारखी औषधे आणि बेन्झोडायझेपिन या जुन्या शामक गटातील औषधे मेंदूतील ज्या यंत्रणेवर काम करून झोप आणतात, त्याच यंत्रणेद्वारे नव्या आठवणी साठवण्याची क्रियाही दाबून टाकतात. गोळी घेतल्यानंतरच्या काही तासांत माणूस उठला, बोलला, चालला, तरी त्याची नोंद स्मरणात होईलच असे नाही. म्हणजे ‘मला काही झाले नाही’ ही साक्ष नेमक्या त्याच माणसाची असते, ज्याचे स्मरण त्या वेळी बंद होते. चौथ्या महिन्यापर्यंत मीही हेच वाक्य सगळ्यांना सांगत होते. मग एका सकाळी एका सहकाऱ्याने मला विचारले, की रात्री पाऊण वाजता पाठवलेल्या निरोपाचा अर्थ काय समजायचा. निरोप माझ्याच फोनवरून गेला होता, पहिली दोन वाक्ये अगदी नेटकी होती आणि तिसरे वाक्य अर्ध्यावरच विरून गेले होते. तो लिहिल्याची पुसटशीही आठवण मला नव्हती.

त्यानंतर मी आणि माझ्या नवऱ्याने एक वही केली. डाव्या पानावर मी सकाळी उठल्यावर लिहायचे आणि उजव्या पानावर त्याने, माझे पान न वाचता, रात्री जे पाहिले ते लिहायचे, असे ठरले. एका तारखेला माझ्या पानावर ‘शांत झोप, एकदाही जाग नाही’ असे आहे. समोरच्या पानावर आहे : ‘१२.५० ला उठली. कपाटातले कपडे बाहेर काढून पुन्हा घड्या घातल्या. काय करतेस विचारले तर नीट उत्तर दिले. १.१५ ला झोपली.’ दोन महिन्यांत अशा सात नोंदी झाल्या आणि त्या सातही दिवशी माझे पान समाधानी होते. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे, एका घरातली वही आहे. पण तिने माझा स्वतःच्या साक्षीवरचा विश्वास उडवला. जे एकटे राहतात, त्यांचे उजवे पान कोण लिहिणार, हा विचार तेव्हापासून मनातून जात नाही.

हे केवळ माझ्यापुरते नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये झोल्पिडेम, एस्झोपिक्लोन आणि झॅलेप्लॉन या तीन औषधांच्या माहितीपत्रकात सर्वांत कडक स्वरूपाचा, चौकटीतला इशारा छापणे बंधनकारक केले. झोपेत चालणे, झोपेत गाडी चालवणे, शेगडी पेटवणे अशा वर्तनातून गंभीर इजा झालेल्या ६६ घटना त्यांच्यासमोर होत्या आणि त्यांपैकी २० मृत्यूच्या होत्या. या नोंदी २६ वर्षांतल्या आहेत, तेव्हा असे प्रकार क्वचित घडतात हे मान्यच केले पाहिजे. परंतु काही घटना सर्वांत कमी डोसवर, काही तर पहिल्याच गोळीनंतर घडल्या होत्या आणि संबंधितांना सहसा त्यातले काही आठवत नाही, असेही त्या इशाऱ्यात नमूद आहे. ज्या दुष्परिणामाचे लक्षणच विस्मरण आहे, त्याच्या अभावाचा पुरावा म्हणून स्वतःच्या आठवणीचा दाखला देणे, हा या मजकुराचा मूळ दोष आहे.

‘आठ तासांची झोप’ या आश्वासनाबद्दल थोडक्यात. झोल्पिडेमच्या गटातल्या औषधांच्या चाचण्यांचे जे विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात प्रयोगशाळेतील मोजणीनुसार झोप लागण्याचा वेळ औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत सरासरी २२ मिनिटांनी कमी झालेला आढळला. तळमळणाऱ्याला बावीस मिनिटे लहान वाटत नाहीत, हे मी जाणते. परंतु बावीस मिनिटे म्हणजे आठ तास नव्हेत. बेन्झोडायझेपिनमुळे तर गाढ झोपेचा वाटा उलट घटतो. मध्येच जाग आल्याची आठवण पुसली गेल्यामुळे झोप सलग झाल्यासारखी वाटते, असाही त्या समाधानाचा एक भाग असू शकतो. माझे डावे पान तेच सांगत होते.

आता ‘सकाळपर्यंत औषध निघून जाते’ हे विधान घेऊ. झोल्पिडेमचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ, साधारण अडीच तासांचे असते, त्यामुळे हे विधान सगळ्यांत खरे ठरायला हवे ते याच औषधाबाबत. तरीही जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या त्याच औषध प्रशासनाने स्त्रियांसाठीचा शिफारस केलेला डोस १० मिलिग्रॅमवरून थेट ५ वर आणला. कारण असे, की १० मिलिग्रॅम घेतल्यानंतर आठ तासांनी सुमारे १५ टक्के स्त्रियांच्या आणि ३ टक्के पुरुषांच्या रक्तात गाडी चालवण्याची क्षमता मंदावेल इतके औषध शिल्लक आढळले होते. स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडते. मी जो डोस घेत होते तो १० मिलिग्रॅमचाच होता. त्या काळात दोनदा सकाळी गाडी बाहेर काढताना फाटकाच्या खांबाला घासली आणि दोन्ही वेळा मी खांबालाच दोष दिला, कारण मला पेंग आलेली नव्हती, डोके जड नव्हते, मी अगदी ताजीतवानी असल्याची माझी खात्री होती. इशाऱ्यातही नेमके हेच म्हटले आहे, की पूर्ण जागे वाटत असतानाही माणसाची सावधता कमी असू शकते. इथेही साक्षीदार तोच आणि त्याची अडचणही तीच.

इतर औषधांचा हिशेब याहून अवघड आहे. बेन्झोडायझेपिन गटातल्या डायझेपामचे अर्धायुष्य २० ते ५० तासांचे मानले जाते आणि शरीरात त्याच्यापासून तयार होणारा क्रियाशील घटक त्याहूनही रेंगाळतो. म्हणजे रोज रात्री घेतलेली गोळी आदल्या रात्रीच्या शिलकीत भर घालत राहते. ‘सौम्य’ म्हणून सुचवल्या जाणाऱ्या ॲलर्जीच्या गोळीतील डायफेनहायड्रामिनचे अर्धायुष्य प्रौढांत साधारण नऊ तास आणि वृद्धांत साडेतेरा तासांच्या आसपास असते. रात्री अकराला ५० मिलिग्रॅम घेतले, तर सकाळी आठला जवळपास २५ मिलिग्रॅम शरीरातच असते, आणि २५ मिलिग्रॅम हा ॲलर्जीसाठीचा एक अख्खा डोस आहे. न्याहारीबरोबर कोणी तो मुद्दाम घेणार नाही.

या ‘सौम्य’पणाविषयी मात्र अधिक बोलणे भाग आहे, कारण मजकुरातला हा सल्ला वयस्कर माणसे सर्वाधिक मनावर घेतात. चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून सौम्य, हा तर्क किती महाग पडू शकतो याचे उदाहरण झोपेच्या औषधांच्याच इतिहासात आहे. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत शामक आणि झोपेचे औषध म्हणूनच बाजारात आले, निर्धोक म्हणून त्याची जाहिरात झाली आणि ते चिठ्ठीशिवाय विकले गेले. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले जाईपर्यंत जगभरात हजारो बालके हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली होती. डायफेनहायड्रामिन त्या पंगतीतले नाही, तशी तुलना करणे अन्यायाचे होईल. पण विक्रीचा नियम आणि औषधाचा स्वभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून स्पष्ट व्हावे. जुन्या पिढीतल्या ॲलर्जीच्या गोळ्या ॲसिटिलकोलिन या रासायनिक दूताचे काम अडवतात. तोंडाला कोरड पडणे, बद्धकोष्ठ होणे, नजर अंधुक होणे, लघवी अडकणे आणि वृद्धांमध्ये गोंधळलेपण येणे, हे सारे त्यातूनच येते. वृद्धांनी टाळावयाच्या औषधांची जी यादी अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी प्रसिद्ध करते, तीत या गोळ्या आहेत, बेन्झोडायझेपिन आहेत आणि झोल्पिडेमचा गटही आहे. आमच्या नात्यातल्या प्रोस्टेटचा त्रास असलेल्या एका वृद्धांनी हा सल्ला मानून चार रात्री ॲलर्जीची गोळी घेतली. पाचव्या दिवशी लघवी पूर्ण अडकली आणि नळी घालावी लागली. त्यांना झोप लागली होती का, हे विचारायचे कोणाला सुचले नाही. माझा स्वतःचा अनुभव इतका नाट्यपूर्ण नव्हता : सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असायची, दुपारपर्यंत डोळ्यांवर झापड असायची आणि आठवडा संपायच्या आत गोळीने झोप येणेच थांबले. हेही अपेक्षितच होते, कारण या औषधाच्या गुंगीची शरीराला तीन-चार दिवसांतच सवय होते. कोरड मात्र राहते.

मेलाटोनिन नैसर्गिक आहे, हे खरे आहे. मेंदूतील पिनिअल ग्रंथी ते अंधार पडल्यावर स्रवते. परंतु ते गुंगी आणणारे द्रव्य नसून रात्र झाल्याची वर्दी देणारे द्रव्य आहे. म्हणून लांबच्या विमानप्रवासाने शरीराचे घड्याळ विस्कटले असेल तर त्याचा उपयोग होतो, आणि चिंतेने झोप उडालेल्या माणसाला फारसा होत नाही. २०१३ मध्ये झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात झोप लागण्याचा वेळ सरासरी सात मिनिटांनी कमी झालेला दिसला. गोळीच्या डबीत नेमके काय आहे, हा प्रश्न तर वेगळाच. जिथे मेलाटोनिन पूरक आहार म्हणून विकले जाते, तिथे त्याच्यावर औषधासारखी तपासणी नसते. कॅनडात ३१ उत्पादने तपासून २०१७ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात प्रत्यक्ष मात्रा लेबलापेक्षा ८३ टक्के कमी इथपासून ४७८ टक्के जास्त इथपर्यंत सापडली आणि आठ उत्पादनांत लेबलावर नसलेले सेरोटोनिन निघाले. २०२३ मध्ये अमेरिकेत मेलाटोनिनच्या चघळायच्या गोळ्यांची २५ उत्पादने तपासली गेली, तेव्हा २२ उत्पादनांचे लेबल चुकीचे ठरले. एकात तर मेलाटोनिन मुळीच नव्हते. माझ्या वाट्याला सकाळची डोकेदुखी आणि इतकी ठळक स्वप्ने आली, की मी जागेपणी त्यांची उत्तरे देत बसे. हे मेलाटोनिनमुळे झाले की लेबलापेक्षा तिप्पट मेलाटोनिनमुळे, हे मला कधीच कळणार नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक असे मानणाऱ्यांनी ट्रिप्टोफॅनही आठवावे. हे अमिनो आम्ल आपल्या रोजच्या अन्नात असते आणि झोपेसाठी त्याच्या गोळ्या सर्रास घेतल्या जात. १९८९ मध्ये अमेरिकेत त्या घेणाऱ्या दीड हजारांहून अधिक लोकांना स्नायूंच्या तीव्र वेदनांचा आजार जडला आणि तीसहून अधिक जण दगावले. माग काढता काढता तो मुख्यतः एकाच उत्पादकाच्या मालापर्यंत पोहोचला.

उरले ते ‘बंद करा, दोन दिवसांत पूर्ववत’ हे वाक्य. आणि संपूर्ण मजकुरात मला सर्वांत घातक तेच वाटते. दीर्घकाळ घेतलेले बेन्झोडायझेपिन एकाएकी बंद केल्यास थरथर, तीव्र अस्वस्थता, प्रसंगी भ्रम आणि आकडी येऊ शकते. आकडी जिवावरही बेतू शकते. सप्टेंबर २०२० मध्ये या औषधांवरील परावलंबन आणि ती सोडताना होणारा त्रास यांबद्दल अमेरिकेच्या त्याच प्रशासनाचा चौकटीतला इशारा आला, तो याच कारणाने. झोल्पिडेमच्या गटात धोका त्या मानाने कमी असला, तरी गोळी थांबवताच निद्रानाश पूर्वीपेक्षा जोराने उसळू शकतो आणि माणूस निष्कर्ष काढतो, की ‘पाहा, मला गोळीची गरजच आहे.’ मीही तो निष्कर्ष दोनदा काढला. एकदा तिसऱ्या रात्री आणि एकदा पाचव्या रात्री गोळी पुन्हा सुरू केली. ती निद्रानाशाची मूळ पातळी नसून औषध सोडल्याचा परिणाम आहे, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले, तेव्हा कुठे तिसरा प्रयत्न टिकला. डोस दर दोन आठवड्यांनी थोडा उतरवत त्याला अडीच महिने लागले.

त्याच काळात मी निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धती शिकले. दीर्घकालीन निद्रानाशावर आधी हीच वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली आहे. तेव्हा तळमळणे किंवा गोळी असे दोनच पर्याय असल्याचे जे चित्र मजकूर रंगवतो, तेही खरे नाही. या पद्धतीत अंथरुणात घालवायचा वेळ सुरुवातीला कमी करतात, झोप लागत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जायला सांगतात आणि उठण्याची वेळ काही झाले तरी बदलू देत नाहीत. पहिले तीन आठवडे हाल होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. वहीतली माझी त्या आठवड्यांतली पाने तक्रारींनी भरलेली आहेत : चार तास झोप, दोनदा जाग, पहाटे पुन्हा जाग. समोरच्या पानांवर त्याच तारखांना, त्याच वेळा लिहिलेल्या आहेत.