गिझर असू दे, आधी तो बल्ब बंद करा

लाईट बिल कमी करायचंय ना, मग आजपासून घरभर बल्ब बंद करत फिरा. कुणी हॉलमधून पाणी प्यायला उठलं की मागून जाऊन खटकन बटण दाबायचं आणि वर 'लाईट काय फुकट येते का' हे ऐकवायचंच, त्याशिवाय बचत झाल्यासारखी वाटत नाही. बल्ब ९ वॅटचा एलईडी आहे हे मनावर घेऊ नका. बाथरूममधला २००० वॅटचा गिझर सकाळी सहापासून चालू आहे, तिकडे तर बघूच नका. तो तासभर खरोखर तापत राहिला तर दोन युनिट खातो, आणि तेवढ्यात तो बिचारा बल्ब नऊ दिवस रात्रंदिवस जळेल, पण असले हिशोब करणारी माणसं नातेवाईकांत अप्रिय होतात.

गिझरचा काटा कायम शेवटच्या टोकाला ठेवा. पाणी असं कडकडीत हवं की बोट बुडवलं तर ओरडायला झालं पाहिजे, मग त्यात अर्धी बादली गार पाण्याचं विसण घाला आणि अंगाला सोसेल इतकं कोमट करून आंघोळ करा. आधीच काटा खाली आणला असता तर? छे, मग विसण घालायची मजा गेली ना. आणि आंघोळ उरकली की गिझर बंद करायचा नाही, 'अजून कुणीतरी जाणारे' म्हणायचं. तो कुणीतरी म्हणजे दुपारी बारापर्यंत लोळणारा चिरंजीव, तोवर टाकी निवतीये, परत तापतीये, परत निवतीये.

ज्यांच्या सोसायटीत गच्चीवर सोलर आहे त्यांची तर चैनच. सहाव्या मजल्यावरून गरम पाणी पहिल्या मजल्यावर उतरेपर्यंत पाइपातलं गार पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरणं म्हणजे अगदीच चिंधीपणा, सरळ मोरीत सोडा. ते पाणी पंपाने वर चढवायला वीज लागलीच होती, पण ती कॉमन मीटरवर, म्हणजे आपली नाहीच.

किचनमध्ये डाळ भिजवू नका, पातेल्यावर झाकण ठेवू नका, कुकरची शिट्टी झाली तरी गॅस मोठाच राहू दे. वॉशिंग मशीनमध्ये दोन शर्ट टाकून साठ डिग्रीचा हॉट वॉश लावा. कॉलरवर घाम आहे, डांबर नाही, पण कोण सांगतो. इस्त्री रोज एकाच शर्टासाठी तापवा. आठवड्याचे कपडे एकदम करायला रविवार असतो का आपल्याकडे?

एवढं सगळं करूनही बिल ३०० युनिटच्या पुढे जाऊन चढ्या रेटमध्ये घुसलं तर घाबरू नका, मीटर फास्ट पळतंय. अर्ज ठोकून द्या. तपासायला आलेला माणूस मीटर ठीक आहे म्हणाला तर समजायचं, तोही त्यांच्यातलाच.