उद्या भूगोलाची वही न्यायची का?

मूल माध्यमिक शाळेत गेलं? अभिनंदन! त्याला स्वतःचा वर्ग सापडायच्या आत तुम्ही पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप गाठा.

नवे बूट आधी पंधरा दिवस घरात घालून सैल करायचा उद्योग नको. पहिल्याच दिवशी चढवा. टाचेला फोड आले की शाळा लक्षात राहते.

दप्तर वेळापत्रक बघून भरू नका, सगळंच कोंबा. वजन मुलाच्या वजनाच्या 10 ते 15 टक्क्यांच्या आत असावं म्हणतात, म्हणजे 35 किलोच्या पोराला जास्तीत जास्त सव्वापाच किलो. म्हणू देत. जड पुस्तकं पाठीलगत आणि पट्टे दोन्ही खांद्यांवर, ही नाटकं कोण करणार!

झोपेचंही तेच. 6 ते 12 वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास लागते, 13 नंतर 8 ते 10. वयात येताना मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक रात्री उशिरा स्रवतं, म्हणून रात्री लवकर झोप लागत नाही आणि सकाळी डोळा उघडत नाही. तुम्ही त्याला आळस म्हणा. सुटसुटीत शब्द आहे.

घरी आल्या आल्या दारातच उलटतपासणी घ्या. एका बाईंना समास दोन बोटं हवा, दुसऱ्या सरांना तारीख उजवीकडेच हवी, तिसऱ्यांना खाडाखोड चालत नाही, अशा सात-आठ तऱ्हा दिवसभर सांभाळून ते आलेलं असतं. अर्धा तास गप्प बसू दिलंत तर बिघडेल.

आता मुख्य उपदेश. रात्री पावणेबारा वाजता ग्रुपवर विचारा, ‘उद्या भूगोलाची वही न्यायची का?’ परवाच कुणीतरी विचारलं. लगेच अकरा जणांचं ‘आमच्याकडेही लिहिलेलं नाही’, मग जोडलेले हात, मग कुणाच्या तरी वहीचे तिरपे फोटो, आणि शेवटी एका उत्साही बाबांचं ‘सरांना फोन लावू का?’ उद्या भूगोलाचा तास आहे की नाही हे वेळापत्रकात आहे. वेळापत्रक पहिल्या दिवशीच मिळालंय. त्याचा फोटो याच ग्रुपवर चारदा पडलाय!

प्राथमिकला एकच बाई सगळं तीनतीनदा सांगायच्या. इथे एका शिक्षकाकडे 40 मुलांच्या चार तुकड्या असल्या तर झाली 160 पोरं. गृहपाठ सांगितला जातो तो घंटा होता होता, शेवटच्या अर्ध्या मिनिटात, आणि तोवर पेन कंपासात गेलेलं असतं. चुकतं ते नेमकं तिथे. म्हणून तास सुरू होतानाच डायरी उघडून बाकावर ठेवायची. विषय, काम, कधी द्यायचं, तिन्ही लिहायचं. काही दिलं नसेल तर ‘नाही’ असं लिहायचं, म्हणजे रिकामी ओळ बघून संध्याकाळी शंका येत नाही. मग रात्री दहा मिनिटं उद्याचे तास बघून दप्तर भरायचं. हे सगळं मुलानं करायचं. तुमचं काम वेळापत्रक कपाटाच्या दारावर चिकटवण्यापुरतं.

पण नाही! गृहपाठ आईच्या फोनमध्ये येतो हे कळल्यावर पोरगं कशाला कान देईल वर्गात? अहो, विसरू द्या ना त्याला एकदा. वही राहिली तर बोलणी बसतील, बाकावरच्या शेजाऱ्याकडून कागद मागावा लागेल, आणि पुढच्या तासाला वही आपोआप दप्तरात जाईल. की नववीत पाच विषयांचे प्रकल्प एकदम अंगावर आल्यावर पहिल्यांदा विसरू देणार आहात? माध्यमिकचं पहिलं वर्ष त्याचं आहे. तुमचं होऊन गेलंय.

बस उशिरा येणार असेल तर टाका ग्रुपवर, स्वेटर हरवला असेल तर टाका. मुलाला कुणी त्रास देत असेल तर मात्र तिथे चव्हाट्यावर मांडू नका, वर्गशिक्षकांना भेटा. भूगोलाच्या वहीचं कुणी विचारलं तर ‘मुलाला विचारा’ एवढं लिहा आणि फोन खाली ठेवा.

आणि सरांना लावू नका हो. पावणेबाराला ते झोपलेले असतात.