‘डिजिटल म्हणजे डिजिटल’ म्हणून मूळ सीडी रद्दीत देऊ नका

गेल्या पंधरवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘स्वस्त डीव्हीडी प्लेअर घेण्याआधी एवढे वाचाच’ असा एक लांबलचक संदेश फिरला. त्याचे म्हणणे असे: स्वस्तातले सगळे प्लेअर आतून एकच असतात, म्हणून सर्वांत स्वस्त असेल तो उचलावा, खोक्यावर एमपी३ चे चिन्ह असले की कोणतीही डिस्क वाजते, घरातल्या ऑडिओ सीडींची गाणी एमपी३ डिस्कवर उतरवून मूळ सीडी काढून टाकाव्यात, कारण डिजिटल म्हणजे डिजिटल, आणि पुढे कधी वाटलेच तर त्याच एमपी३ पासून पुन्हा ऑडिओ सीडी राइट केली की मूळ दर्जा परत येतो, टीव्हीला जोडायच्या एचडीएमआय तारेमुळे गाण्याचा आवाज सुधारतो, राइट केलेली डिस्क शंभर वर्षे टिकते, आणि ओरखडे पडलेच तर टूथपेस्ट चोळावी.

असे संदेश मी एरवी वाचून सोडून देतो. हा सोडता आला नाही, कारण रत्नागिरीच्या माझ्या मामांनी तो शब्दशः अमलात आणला. मी गेलो तेव्हा पडवीत सुतळीने बांधलेला एक खोका होता आणि त्यात साठेक ऑडिओ सीडी रद्दीवाल्याची वाट पाहत होत्या: नाट्यसंगीत, ख्याल, अभंग, पंचवीस वर्षांत एकेक करून घेतलेल्या. त्यांच्या बदल्यात मामांच्या हातात होत्या दुकानातून राइट करून आणलेल्या पाच एमपी३ डिस्क. म्हणून सुरुवात याच मुद्द्यापासून करतो. बाकीच्या चुकांनी फार तर पैसे जातात, या चुकीने संग्रह जातो.

ऑडिओ सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावा-उजवा असे दोन मार्ग, असा हिशेब असतो. गुणाकार केला की सेकंदाला १,४११ किलोबिट होतात. दुकानदाराने मामांना ज्या दराने फाइली करून दिल्या तो होता १२८ किलोबिट, म्हणजे जेमतेम अकरावा हिस्सा. चार मिनिटांच्या ज्या गाण्याला सीडीवर सुमारे ४२ मेगाबाइट लागतात, ते चार मेगाबाइटांच्या आत बसवले गेले. हे जादूने होत नाही. मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज कानाला सहसा ऐकू येत नाही, तो बाजूला काढून टाकायचा, या तत्त्वावर १९९३ च्या एमपीईजी-१ या चित्र-ध्वनी मानकातली एमपी३ ही पद्धत उभी आहे. पद्धत हुशारीची आहे, पण काढून टाकलेले कुठेही जपून ठेवलेले नसते. दोन्हीकडे आकडेच असतात म्हणून दोन्ही सारखे, हे म्हणणे पूर्ण चूक आहे.

‘पुन्हा ऑडिओ सीडी केली की मूळ दर्जा परत’ हे वाक्य तर या संदेशातले सर्वांत बेजबाबदार वाक्य आहे, कारण ‘मूळ सीडी टाका’ या सल्ल्याला धीर देणारे तेच आहे. एमपी३ ची ऑडिओ सीडी केल्यावर फाइल पुन्हा ४२ मेगाबाइटांची होते हे खरे, पण कादंबरीची संक्षिप्त आवृत्ती मोठ्या टायपात छापली तर पाने मूळ पुस्तकाइतकी भरतात आणि गाळलेली प्रकरणे मात्र परत येत नाहीत, तसेच हे आहे.

मामांना मी हे आकड्यांनी नव्हे, कानांनी दाखवले. त्यांच्याकडची एका ख्यालाची सीडी अशी आहे की विलंबित बंदिश संपून द्रुत सुरू होते तिथे ट्रॅक बदलतो, पण मागचा तंबोरा अखंड चालू असतो. मूळ सीडीवर ट्रॅक बदलल्याचे कळतसुद्धा नाही. एमपी३ डिस्कवर त्याच जागी तंबोरा तुटला, क्षणभर शांतता पसरली आणि द्रुत बंदिश झटका देऊन सुरू झाली. याचे कारण साधे आहे. एमपी३ मध्ये आवाज १,१५२ नमुन्यांच्या ठरावीक तुकड्यांत बांधला जातो, फाइल करताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता जोडली जाते, आणि स्वस्त प्लेअर पुढची फाइल उघडायला आणखी वेळ घेतो. १२८ किलोबिटांना तबल्याच्या कडक बोलाची धारही बोथट झाली होती. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी उठून पडवीतला खोका आत आणला.

एवढे मान्य केले पाहिजे की २५६ किंवा ३२० किलोबिटांची नीट केलेली एमपी३ रोजच्या ऐकण्याला पुरते आणि बहुतेकांना साध्या स्पीकरवर तिच्यात व सीडीत फरक सांगता येणार नाही. ७०० मेगाबाइटांच्या डिस्कवर १२८ किलोबिटांनी बारा तास मावतात, ३२० किलोबिटांनी सुमारे पाच तास. एका डिस्कवर पाच तास गाणे मिळत असेल तर तक्रारीला जागा नाही. मात्र मूळ सीडी ठेवाव्यात, आणि संगणकावर प्रत काढायची असेल तर काहीही न गाळणाऱ्या फ्लॅक प्रकारात काढावी. साठ सीडींची अशी प्रत ३२ गिगाबाइटांच्या पेनड्राइव्हवर सहसा मावते. स्वस्त डीव्हीडी प्लेअर सहसा फ्लॅक वाजवत नाहीत, म्हणून प्लेअरसाठी त्याच प्रतीवरून एमपी३ डिस्क करावी.

‘सगळे आतून एकच’ यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने कबूल करतो. वेगवेगळ्या नावांच्या कित्येक स्वस्त प्लेअरांत मीडियाटेक कंपनीची एमटी१३८९ ही एकच चिप सापडते. पण वीजपुरवठ्याचा भाग, डिस्क फिरवून वाचणारी यंत्रणा, आवाज बाहेर काढणारे सर्किट आणि आतली आज्ञावली प्रत्येक उत्पादकाची वेगळी असते, आणि रोजचा अनुभव त्यांवरच ठरतो. एमपी३ ऐकणाऱ्याने पाहायची पहिली गोष्ट कोणती, तर पुढच्या बाजूला वाचता येईल असा डिस्प्ले आहे की नाही. तो नसेल तर शंभर गाण्यांच्या डिस्कवरचे एक गाणे शोधायला दर वेळी टीव्ही लावावा लागतो. मामींना पहाटे अभंग लावायचे असतात. त्यासाठी त्यांनी टीव्ही कशाला लावावा?

‘चिन्ह असले की कोणतीही डिस्क वाजते’ हे दुकानात पाच मिनिटांत तपासता येते. डीव्हीडी वाचणारा लेझर ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि सीडीचा ७८० चा. घरी राइट केलेल्या सीडी-आरचे रसायन ७८० ला अनुसरून बनवलेले असते, म्हणूनच सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरांना सीडी-आर दिसतच नव्हती. आता दोन्ही लेझर असतात, पण पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू छापील सीडीपेक्षा फार कमी प्रकाश परावर्तित करते आणि कमकुवत लेन्स तिथे अडखळते. राइट करून झाल्यावर डिस्क बंद (‘फायनलाइझ’) केली नसेल, फाइली डीव्हीडीवर टाकल्या असतील, फाइलींची नावे देवनागरीत असतील, तर अडचणी आणखी वाढतात. नावांच्या जागी नुसत्या रेघा किंवा चौकोन दिसतात. म्हणून नावे छोटी आणि रोमन लिपीत द्यावीत आणि आपल्या घरच्या तीन डिस्क, एक सीडी-आर, एक सीडी-आरडब्ल्यू आणि एक एमपी३ भरलेली डीव्हीडी, सोबत नेऊन त्या वाजवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एचडीएमआयबद्दल थोडक्यात: ती तार आवाज टीव्हीपर्यंत पोचवते, टीव्हीचे स्पीकर बदलत नाही.

शंभर वर्षांचा दावा मात्र हवेतून आलेला नाही. अमेरिकेतील ‘निस्ट’ या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ मध्ये ग्रंथपाल आणि अभिलेखपालांसाठी सीडी-डीव्हीडी कशा सांभाळाव्यात याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, आणि चाचण्या केलेल्या उत्पादकांच्या मते सीडी-आर शंभर वर्षे किंवा त्याहून अधिक टिकावी, असे तिच्यात नोंदवले आहे. पण त्याच वाक्यात अट आहे: शिफारस केलेल्या साठवणीत. दीर्घकाळ जपायच्या डिस्कसाठी ती मार्गदर्शिका २० अंशांखालचे तापमान आणि ५० टक्क्यांखालची आर्द्रता सांगते. रत्नागिरीचा मे आणि जुलै ज्याने पाहिला आहे त्याला पुढे काही सांगायला नको. सीडी-आरला उन्हापासून दूर, डबीत आणि उभी ठेवावी, कागदी लेबल चिकटवू नये, हे सगळे तिथे लिहिलेले आहे आणि संदेशात यातले एक अक्षर नाही.

आता टूथपेस्ट. तीत बारीक खरखरीत कण असतात, त्यामुळे खालच्या चकचकीत बाजूचा एखादा उथळ ओरखडा क्वचित घासला जाऊन डिस्क वाजूही लागते. पण हात सहज गोल फिरतो, आणि गोल घासल्याने पडणारा ओरखडा माहितीच्या मार्गाच्या दिशेनेच जातो, जो यंत्राला दुरुस्त करणे सर्वांत कठीण. म्हणून निस्टची मार्गदर्शिका मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसायला सांगते. याहून गंभीर गोष्ट वरच्या, छापील बाजूची. सीडीच्या खालच्या बाजूला एक मिलिमीटरहून जाड प्लास्टिक असते. वरच्या बाजूला धातूच्या थरावर लाखेचा केवळ पातळ लेप असतो. तो खरवडला की धातू जातो, आणि धातूसोबत गाणेही जाते.

मामांनी टूथपेस्ट लावली ती वरच्या बाजूला, कारण डाग तिकडे दिसत होता. ती तबकडी मी दिव्यासमोर धरली तेव्हा बाहेरच्या कडेजवळ तांदळाच्या दाण्याएवढ्या तीन जागांतून उजेड आला. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे पहिले चार ट्रॅक सुखरूप आहेत आणि त्यांची फ्लॅक प्रत मी त्याच रात्री काढली. पाचवा, कडेचा, मैफलीच्या शेवटी असते तशी भैरवी, तो सुरू होतो आणि दीड मिनिटाने अडकतो. खोक्यातल्या बाकीच्या सीडी आम्ही कपाटात उभ्या लावल्या आहेत.